कुत्र्यामागे आठ आणे

६ जून १८३२ रोजी मुंबईच्या कोट भागाजवळ सुमारे दोनशे लोकांच्या जमावाने दोन युरोपीय कॉन्स्टेबलांना घेरले आणि मारहाण केली. जमावात बहुतेक पारशी होते, पण हिंदूही होते. हे कॉन्स्टेबल सरकारी हुकमाप्रमाणे कुत्री मारण्याच्या मोहिमेवर निघाले होते. दुसऱ्या दिवशी शहराचा बाजार बंद पडला, कुलाब्याच्या छावणीचा शिधा अडला आणि शेवटी लष्कराला बोलवावे लागले. इंग्रजांच्या दप्तरात ही हकिगत दंगल म्हणून नोंदली गेली. जेसी पल्सेतिया या इतिहासकाराने २००१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तिचा सविस्तर अभ्यास मांडला. एरवी मुंबईच्या इतिहासाच्या पुस्तकांत ती दोन-चार ओळींत उरकली जाते. माझ्या मते तिला याहून जास्त जागा मिळायला हवी. धोकादायक कुत्र्यांसाठी केलेला नियम कुठे चुकतो आणि त्याचा वरवंटा कोणावर फिरतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण आपल्या शहरांच्या इतिहासात मला सापडलेले नाही.

तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणायची तर आजचे बरेच काही पुसून टाकावे लागते. आगगाडी यायला अजून एकवीस वर्षे होती. कोटाच्या भिंती उभ्या होत्या आणि आत उत्तरेकडे, बाजारगेटच्या बाजूला, पारशांची घरे आणि पेढ्या दाटीने वसलेल्या होत्या. कुलाबा हे वेगळे बेट होते. तिथे नेणारा कॉजवे १८३८ मध्ये झाला, त्याआधी ओहोटी पाहून किंवा होडीने जावे लागे. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक याच वर्षीच्या ६ जानेवारीला निघाला होता. गव्हर्नर होते लॉर्ड क्लेअर. चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार तेजीत होता, गावोगावची माणसे पोट भरायला मुंबईत येत होती आणि कचरा, कसाईखाने, मासळीबाजार यांच्या आधाराने कुत्रीही वाढत होती.

त्या कुत्र्यांची भीती खरी होती, हे आधीच सांगितले पाहिजे. पिसाळलेला कुत्रा चावला आणि लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नसे. पाणी पाहून घशाला बसणारी उबळ, तडफड आणि काही दिवसांत मरण. पाश्चरने पहिल्यांदा माणसाला लस टोचली ती १८८५ मध्ये, म्हणजे या दंगलीनंतर त्रेपन्न वर्षांनी. हिंदुस्थानातली पहिली पाश्चर संस्था कसौलीला निघाली ती १९०० मध्ये. रोग का होतो हे ठाऊक नव्हते. उन्हाच्या काहिलीने कुत्री पिसाळतात, असा समज युरोपात पूर्वापार होता आणि ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी तो बरोबर घेऊन आले होते. मुलगा किंवा नोकर असा गमावलेल्या माणसाने कुत्री मारा म्हटले, तर त्याला क्रूर ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या भीतीपोटी १८१३ मध्ये पोलिसांच्या नियमांत एक तरतूद आली. उकाड्याच्या ठरावीक दिवसांत बेवारस कुत्री मारण्याची मुभा त्यात होती. पुढची जवळजवळ वीस वर्षे ही तरतूद अमलात होती. लोकांना ती आवडत नसणार, पण शहर पेटले नाही. मुदत ठरलेली होती. त्या दिवसांत लोक आपापले कुत्रे आत बांधून ठेवू शकत होते.

१८३२ मध्ये दोन गोष्टी बदलल्या. पोलीस मॅजिस्ट्रेटने कुत्री मारण्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठरले.

आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. ज्या काळात शिपाई आणि मजूर यांचा महिन्याचा पगार मोजक्या रुपयांत होई, त्या काळात दोन कुत्र्यांना एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. पैसा ज्या गोष्टीसाठी मिळतो ती गोष्ट वाढते, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. मोजणी मेलेल्या कुत्र्यांची होती. तो पिसाळलेला होता की नाही, त्याने कोणाला चावा घेतला होता की नाही, त्याला कोणी पोसत होते की नाही, यातल्या कशाचाही हिशेबात उल्लेख नव्हता. मग रस्त्यावरच्या हडकुळ्या, चलाख, गल्लीबोळ ठाऊक असलेल्या कुत्र्यामागे धावण्यापेक्षा दारात निवांत बसलेले, माणसाला सरावलेले, हाक मारली की जवळ येणारे कुत्रे मारणे सोपे. झालेही तसेच. पाळलेली कुत्री मारली जाऊ लागली आणि मारेकरी लोकांच्या घरांत, आवारांत शिरू लागले.

यातला अन्याय नीट समजायचा तर तेव्हाचा पाळीव कुत्रा कसा होता ते पाहिले पाहिजे. आज महापालिकेचा परवाना असतो, लसीकरणाचे कार्ड असते, गळ्यात पट्टा असतो. तेव्हा परवाना नव्हता, कार्ड नव्हते. साहेबाच्या बंगल्यातला विलायती कुत्रा साखळीने बांधलेला असे आणि त्याचा मालक कोण हे सर्वांना कळत असे. देशी घरांतला कुत्रा मात्र ओट्यावर झोपे, गल्लीत फिरे, जेवायच्या वेळी दाराशी येई. एकाच कुत्र्याला चार घरांतून भाकरीचा तुकडा मिळे आणि रात्री तो चारही घरांची राखण करी. गल्लीच्या हिशेबाने तो आपला होता आणि नियमाच्या हिशेबाने बेवारस. ‘हा माझा आहे’ असे म्हणायची सोय मालकाला कुठेच नव्हती. मारण्याआधी कुत्रा सोडवून न्यायची मुदत नाही, दाद मागायची जागा नाही. ज्याच्या हातात दांडा त्याचाच निवाडा, आणि त्या निवाड्याचे पैसेही त्यालाच.

हा जाच सगळ्यांनाच होता. पण पारशांच्या बाबतीत तो थेट धर्माला भिडला.

पारशी घरात माणूस गेला की त्याच्या देहाजवळ कुत्रा आणतात. या विधीला सगदीद म्हणतात. कुत्र्याची नजर मृतावर पडली म्हणजे अशुद्धीचे बळ ओसरते, अशी श्रद्धा आहे. त्यासाठी ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम मानतात, म्हणजे ज्याच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक ठिपका आहे असा. देह दख्म्याकडे, म्हणजे शांततेच्या मनोऱ्याकडे, नेण्यापूर्वी हा विधी पुन्हा पुन्हा होतो. मेल्यानंतर आत्म्याला चिन्वत पूल ओलांडावा लागतो आणि त्या पुलाशीही कुत्रे असतात. रोजच्या जगण्यातही कुत्र्याचा वाटा असे. ताटातला घास त्याच्यासाठी बाजूला काढायची चाल पारशी घरांत होती, तिला ते ‘कुतरानो बूक’ म्हणत. म्हणजे घरचे माणूस गेले तर ज्याच्याशिवाय त्याचा निरोप पुरा होत नाही, असा प्राणी आठ आण्यांसाठी दारातून ओढून मारला जात होता.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पारशांच्या वेंदिदाद या ग्रंथाचा तेरावा अध्याय बराचसा कुत्र्यांविषयी आहे. त्यात कुत्र्यांचे प्रकार केले आहेत : कळप राखणारा, घर राखणारा, कोणतेही काम अंगावर न घेता पोट भरत फिरणारा आणि पिल्लू. माणसाने कोणत्या कुत्र्याला इजा केली तर किती शिक्षा, हे प्रकारागणिक ठरवले आहे. मोकाट फिरणाऱ्यालाही तिथे संरक्षण आहे, फक्त शिक्षेचे माप वेगळे. त्याच अध्यायात पिसाळलेल्या, न भुंकता चावणाऱ्या कुत्र्याचाही विचार आहे. त्याला लाकडी अडणा घालून जखडावे आणि आजारी भाविकावर करावे तसे उपचार करावेत, असे तिथे सांगितले आहे. तो माणसाला किंवा जनावराला चावलाच तर कान कापण्यापासून पुढे चढत जाणाऱ्या शिक्षा आहेत. त्या शिक्षा आज वाचताना अंगावर काटा येतो. पण धोकादायक कुत्रा आणि सरसकट कुत्रा हा फरक त्या जुन्या ग्रंथाने केला होता, आणि १८३२ च्या मुंबईत पोलीस मॅजिस्ट्रेटने तो केला नाही.

पारशी एकटे नव्हते. जैनांना जीवहत्या तशीही असह्य. हिंदूंच्या घरी दत्ताच्या तसबिरीत पायाशी कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रा, काळभैरवाचे वाहन कुत्रा. इस्माइली मुसलमानही निषेधात सामील झाल्याची नोंद आहे. एरवी ज्यांची आपसांत फारशी उठबस नव्हती, असे समाज एका हुकमाविरुद्ध एकत्र आले. आपल्या दारात शिरलेल्या दांडेवाल्याचा राग सर्वांना सारखाच होता.

६ जून हा पारशांच्या पंचांगातला पवित्र दिवस होता. लोक कामावर नव्हते, रस्त्यावर होते. त्या दिवशीही कुत्री मारण्याचे काम चालू राहिले. सरकारला दिवसाचे महत्त्व ठाऊक नव्हते की ठाऊक असूनही पर्वा नव्हती, काहीही असले तरी परिणाम एकच झाला. कॉन्स्टेबलांवर हल्ला झाला आणि बातमी शहरभर पसरली.

७ जूनला हरताळ पडला. दुकाने उघडली नाहीत. शेकडो लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांनी नेमकी सरकारची दुखरी नस धरली. कुलाब्याच्या छावणीला रोज शहरातून शिधा जात असे. तो अडवला गेला. सामान पोचवणाऱ्यांना धमकावून परत पाठवण्यात आले. कोर्टाकडे निघालेल्या न्यायाधीशाच्या बग्गीवर घाण फेकली गेली. पोलिसांना जमाव आवरेना, तेव्हा लष्कर आले, दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला आणि पुढाकार घेणाऱ्यांना पकडण्यात आले. दोन दिवसांत सगळे शांत झाले.

या दोन दिवसांत मार कोणी खाल्ला, हे मात्र विसरता येत नाही. नियम करणाऱ्या मॅजिस्ट्रेटला ओरखडाही उठला नाही. फटके बसले ते कॉन्स्टेबलांना, आणि रोजचा माल पोचवून पोट भरणाऱ्यांना, ज्यांचा कुत्र्यांशी काडीचा संबंध नव्हता. लोकांचा राग रास्त होता, पण त्यांनी तो उतरवला हाताशी सापडलेल्यांवर. हेही अन्यायच होते.

सरकारला या दंगलीने जास्तच हादरवले, कारण ती पारशांनी केली. जहाजबांधणी, दलाली, चीनचा व्यापार, सरकारी कंत्राटे अशा सगळ्या ठिकाणी पारशी इंग्रजांच्या बरोबरीने उभे होते. त्यांच्याकडून दगाफटक्याची कल्पनाही कोणी केली नव्हती. पारशी शेठियांची स्थिती त्याहून अवघड होती. दंगल करणारे बहुतेक त्यांच्याच समाजातले गरीब लोक होते. त्यांना पाठीशी घालावे तर सरकारचा विश्वास जाणार आणि झिडकारावे तर समाज दुरावणार.

या पेचातून वाट काढणाऱ्यांत जमशेटजी जीजीभाई होते. तेव्हा ते ‘सर’ झालेले नव्हते, तो किताब १८४२ मध्ये मिळाला. पोरकेपणी मुंबईत येऊन, चीनच्या सफरी करून त्यांनी अफाट पैसा कमावला होता आणि त्यांचा शब्द दोन्हीकडे चालत होता. ते आणि इतर व्यापारी यांनी सरकारकडे अर्ज केला. त्यांनी दंगलीचा निषेध केला, आपली राजनिष्ठा सांगितली आणि त्याचबरोबर मूळ तक्रार सोडली नाही. कुत्री मारू नका, पकडून शहराबाहेर न्या, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते मानले. ज्यांनी दंगल केली त्यांच्यातल्या काहींवर खटले चालून शिक्षा झाल्या, पण ज्या हुकमामुळे ती झाली तो बदलला गेला.

या निकालाकडे पाहताना मला दोन्ही बाजूंनी वाईट वाटते. हाच अर्ज मे महिन्यात झाला असता, किंवा मुदत वाढवण्याआधी मॅजिस्ट्रेटने शहरातल्या चार जाणत्यांना बोलावून विचारले असते, तर ६ जून उगवताच ना. सरकारने शेवटी जे मान्य केले ते आधीही त्याच्या आवाक्यात होते. आणि गरीब माणसाची तक्रार सरकारच्या कानावर पडायला तिला शेठियांची सही लागली, हेही तितकेच खरे.

पुढचे पाऊल सरकारने टाकले नाही, शहरातल्या लोकांनी टाकले. १८३४ मध्ये जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजे मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. पकडलेल्या आणि बेवारस जनावरांना ठेवायला जागा झाली. भुलेश्वरजवळचा हा पांजरापोळ आजही आहे. आज तिथे मुख्यतः गाई दिसतात, त्यामुळे तो गोरक्षणासाठीच निघाला असे अनेकांना वाटते. सुरुवातीला मात्र रस्त्यावर गोळ्या घातल्या जाणाऱ्या कुत्र्यांची आणि डुकरांची काळजी त्यामागे होती. पारशी आणि जैन पैशातून उभी राहिलेली ही संस्था १८३२ च्या दंगलीनंतर दोनच वर्षांत निघाली. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळला जनावरांचे इस्पितळ बांधून दिले, ते बाई साकरबाईंच्या नावाने मुंबईकरांना परिचित आहे.

कुत्री मारणे मात्र कायमचे थांबले नाही. वस्ती वाढली, दंगलीची आठवण पुसली आणि पुढे महापालिका कुत्री पकडून मारू लागली. हे १९९४ पर्यंत चालले. इतक्या वर्षांत लाखो कुत्री मेली, पण मुंबईतली कुत्री संपली नाहीत आणि रेबीजही गेला नाही. एका जागेतली कुत्री मारली की कचऱ्याच्या आधाराने दुसरी येतात, हे पालिकेच्या अनुभवाने सिद्ध केले. १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्बीजीकरणाचा मार्ग घालून दिला आणि २००१ मध्ये केंद्राचे नियम आले. इंग्लंडने स्वतःच्या देशात वेगळी वाट धरली होती. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुत्र्यांना मुसके बांधण्याची सक्ती झाली, बाहेरून येणारी कुत्री अलग ठेवली जाऊ लागली आणि १९०२ च्या सुमारास रेबीज तिथून हद्दपार झाला. मुसक्यांच्या सक्तीवर लोक चिडले होते, पण त्या नियमात मालकाला एक काम सांगितलेले होते. ते त्याने केले की त्याचा कुत्रा वाचत होता.

१८३२ ची खरी पुनरावृत्ती अलीकडची आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवले. पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करावी, स्थानिक संस्थांनी त्यांना परवाने देऊ नयेत आणि ज्यांच्या घरी ती आधीच आहेत त्यांनी त्यांचे निर्बीजीकरण करावे, असे त्यात होते. या पत्रामागेही खरी भीती होती. पाळीव कुत्र्यांच्या हल्ल्यांत माणसे जखमी झाली होती, काही दगावलीही होती. पण यादी जातींची होती. कोणत्या कुत्र्याने काय केले, त्याला कसे वाढवले, मालकाने काय काळजी घेतली, हे पाहायला तिच्यात जागाच नव्हती. दहा वर्षे मुलांबरोबर वाढलेला शांत रॉटवायलर एका रात्रीत धोकादायक ठरला आणि माणसांवर सोडायला शिकवलेला दुसऱ्या जातीचा कुत्रा यादीबाहेर राहिला. कुत्री पाळणारे कोर्टात गेले. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि योग्य रीतीने नवा निर्णय घेण्याची मोकळीक सरकारला ठेवली. दिल्ली उच्च न्यायालयानेही त्याच महिन्यात तसाच निर्णय दिला. लोकांचे ऐकून घेणे १८३२ मध्ये दंगलीनंतर झाले, ते इथे न्यायालयाने नव्या निर्णयाआधी करायला लावले.

चावणाऱ्या कुत्र्यासाठी कडक नियम हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या मालकाचा कुत्रा दुसऱ्याच्या लेकराला फाडतो त्याने भरपाई द्यावी, दंड भरावा आणि गरज पडली तर कुत्रा गमवावाही. पण तो निर्णय त्या कुत्र्याच्या वागण्यावरून व्हावा, जनावरांच्या डॉक्टरच्या तपासणीनंतर व्हावा, मालकाला नोटीस मिळून त्याचे म्हणणे नोंदवले गेल्यावर व्हावा. आणि कुत्री पकडणाऱ्याला पगार मिळावा, नगामागे पैसे मिळू नयेत.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर त्याचा परवाना काढा, रेबीजची लस वेळेवर टोचून घ्या आणि दोन्ही कागद हाताशी ठेवा. १८३२ मधल्या मालकांपाशी हेच नव्हते. तुमच्या नगरपालिकेने किंवा महापालिकेने पाळीव कुत्र्यांसाठी नियमांचा मसुदा काढला, तर हरकती-सूचनांची मुदत संपण्याआधी तो वाचा. कुत्रा धोकादायक कोण ठरवणार आणि मालकाने दाद कुठे मागायची, ही दोन कलमे त्यात शोधा. ती नसतील तर तसे लेखी कळवा आणि पोच घ्या.